अंगावरचे दूध फुकट नसते

दिवाळीच्या सुमारास घाटंजी तालुक्यातील शिवारे पांढरी होऊ लागतात. पऱ्हाटीची बोंडे एकाच वेळी फुटत नाहीत. ती जशी फुटतील तशी वेचावी लागतात आणि फुटलेला कापूस अवकाळी पावसात सापडला तर त्याचा भाव पडतो. त्यामुळे वेचणीच्या दिवसांत मजुरांची मागणी एकदम वाढते. हे काम जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांचे आहे आणि त्याची मजुरी सामान्यतः दिवसावर नव्हे, तर वेचलेल्या किलोंवर मिळते. सकाळी लवकर शेत गाठणारी आणि मध्ये न थांबणारी स्त्री चार पैसे अधिक मिळविते. जिला वारंवार काम सोडावे लागते, तिचे गाठोडे संध्याकाळी काट्यावर हलके भरते. पावसाळ्यात बाळंत झालेल्या मजूर स्त्रीचे मूल नेमके याच वेळी तीन-चार महिन्यांचे असते. त्याला आजीच्या किंवा थोरल्या बहिणीच्या स्वाधीन करून ती शेताची वाट धरते. दुपारी मूल रडू लागले, की पाणी घातलेले गाईचे दूध किंवा डब्यातील भुकटी बाटलीतून त्याच्या तोंडी लागते. हा कोणी विचारपूर्वक घेतलेला निर्णय नसतो. हंगाम येतो, आई शेतात जाते आणि बाटली घरात येते, इतकेच.

या बाटलीविषयी आपल्याकडे आजवर जे लिहिले व बोलले गेले, त्यात दोन सूर प्रामुख्याने आढळतात. एक सूर आधुनिक स्त्रीला दोष देणारा. तिला आपल्या बांध्याची काळजी मुलापेक्षा अधिक आहे, असे तो सुचवितो. दुसरा सूर गरीब स्त्रीला अडाणी ठरविणारा. तिला आईच्या दुधाचे महत्त्व कोणी समजावून सांगितले नाही, असे त्याचे गृहीत असते. या दुसऱ्या समजुतीपोटीच दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट हा स्तनपान सप्ताह साजरा होतो. फलक लागतात, भाषणे होतात, बाळंतिणींना उपदेश केला जातो. वस्तुतः ऑगस्टचा पहिला आठवडा हा वऱ्हाडात निंदणाचा ऐन हंगाम. ज्या मातांसाठी हा सप्ताह असतो, त्यांतील बहुसंख्य त्या वेळी शेतात वाकलेल्या असतात. एवढी एक गोष्टही आयोजकांच्या ध्यानात येत नाही, यावरूनच या प्रश्नाकडे पाहण्याची आपली दृष्टी किती अपुरी आहे, हे दिसून येते.

आईच्या दुधाचे महत्त्व आता वादाचा विषय राहिलेले नाही. जन्मानंतर तासाभरात मुलाला अंगावर घ्यावे, पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीही देऊ नये आणि त्यानंतर अन्य आहाराबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक काळ अंगावर पाजावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. स्तनपानाचे प्रमाण पुरेसे वाढले तर जगात दरवर्षी सुमारे ८ लक्ष २३ हजार बालमृत्यू टळतील, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील लेखमालेने २०१६ साली मांडला होता. तेव्हा प्रश्न ज्ञानाचा नाही. इतके उत्तम, इतके सुरक्षित आणि वरवर पाहता विनामूल्य असे अन्न हाताशी असताना बाटलीला जागा मिळते कशी, हा खरा प्रश्न आहे. आणि तो वैद्यकाइतकाच अर्थशास्त्राचाही आहे.

या संदर्भात शरीरशास्त्रातील एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आईच्या दुधाचा पुरवठा हा मागणीवर अवलंबून असतो. मूल जितके ओढते तितका पान्हा वाढतो. ओढणे थांबले, की दूध आटू लागते. मुलाला दिवसातून दोनदा बाटली दिली, की त्या दोन वेळांची मागणी घटते, तिच्यामागोमाग पुरवठा घटतो आणि मग 'दूध पुरत नाही' या तक्रारीला खरोखरीच आधार मिळतो. त्यावर उपाय म्हणून तिसरी बाटली येते. अशा रीतीने पूरक म्हणून आलेली वस्तू अल्पावधीत मूळ वस्तूची जागा घेते आणि परतीची वाट दिवसेंदिवस बिकट होत जाते. डब्यांच्या व्यापाराचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे. साबणाचा फुकट नमुना संपला, की गिऱ्हाईक पुन्हा आपल्या जुन्या साबणाकडे वळू शकते. भुकटीचा फुकट नमुना संपेपर्यंत मात्र जुनी वस्तू घरातून नाहीशी होऊ लागलेली असते.

हे मर्म कंपन्यांनी फार पूर्वी ओळखले. 'ग्लॅक्सो'च्या डब्यावरील गुटगुटीत मूल हे आपल्याकडील मध्यमवर्गीयांच्या दोन-तीन पिढ्यांचे आदर्श मूल होते. पुढे १९६० च्या सुमारास खेडा जिल्ह्यातील सहकारी दूध संघाने म्हशीच्या दुधापासून शिशुआहार तयार करण्यात यश मिळविले. परकीय डब्याला स्वदेशी पर्याय मिळाला, ही गोष्ट अभिमानाची खरी. पण डब्याची गरज किती, हा प्रश्न त्या अभिमानात मागे पडला. सिसली विल्यम्स या डॉक्टर महिलेने १९३९ सालीच सिंगापूरच्या रोटरी क्लबपुढे भाषण करताना अशा दुधाच्या चुकीच्या प्रचारामुळे होणाऱ्या बालमृत्यूंना 'खून' हाच शब्द योजला होता. तिचे म्हणणे जगाच्या कानी पडायला साडेतीन दशके लागली. १९७४ साली ब्रिटनमधील 'वॉर ऑन वॉन्ट' या संस्थेने आफ्रिका व अन्य गरीब देशांतील विक्रीतंत्रावर पुस्तिका काढली. परिचारिकांसारखा वेष केलेल्या विक्रेत्या प्रसूतिगृहांतून कशा हिंडतात, हे त्यातून लोकांपुढे आले. १९७७ साली अमेरिकेत नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. अखेर २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीसंबंधीची आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध १ अशा मतांनी संमत केली. विरोधातील ते एकमेव मत अमेरिकेचे होते.

भारताने या बाबतीत कुचराई केली नाही, हे नमूद केले पाहिजे. १९८३ साली राष्ट्रीय संहिता आली आणि १९९२ साली तिला कायद्याचे बळ मिळाले. या साऱ्या प्रयत्नांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अकाली जन्मलेल्या आणि आईचे दूध मिळू न शकणाऱ्या अर्भकांना दुसऱ्या मातांचे दूध देऊन वाचविता येते, हे तिने दाखवून दिले. स्तनपानाच्या प्रसारासाठी देशभर काम करणाऱ्या जाळ्याची स्थापना ३ डिसेंबर १९९१ रोजी झाली, तीही घाटंजीपासून फार दूर नसलेल्या वर्ध्यात. १९९२ च्या कायद्याने डब्यांची व बाटल्यांची जाहिरात, फुकट नमुने आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी यांवर बंदी घातली. डब्यावर माता किंवा मूल यांचे चित्र छापणेही निषिद्ध ठरविले. २००३ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. गुटगुटीत मूल डब्यावरून उतरले, ते या कायद्यामुळे.

असे असूनही बाटली घरातून गेलेली नाही. याचे एक कारण असे, की विक्रेता आता दुसऱ्या वाटेने येतो. मोबाईलवरून मातांपर्यंत पोहोचणाऱ्या प्रच्छन्न जाहिरातींविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली एक स्वतंत्र अहवालच प्रसिद्ध केला. कारावासाची तरतूद असली तरी १९९२ च्या कायद्याने ठेवलेली दंडाची कमाल मर्यादा अवघी पाच हजार रुपये होती, हेही विसरता येत नाही. परंतु मुख्य कारण याहून खोल आहे. कायद्याने डब्यावर बंधन घातले. ज्या रिकाम्या जागेतून डबा घरात शिरतो, ती जागा भरून काढण्याचा विचार त्याने केला नाही. ती जागा आईच्या वेळेची आहे.

अंगावरचे दूध फुकट असते, या समजुतीची येथे एकदा झडती घेतली पाहिजे. सहा महिन्यांपर्यंतच्या मुलाला रोज सरासरी पाऊण लिटर दूध लागते, असे धरले तर १८० दिवसांत आई सुमारे १३५ लिटर दूध निर्माण करते. तेवढे दूध योग्य प्रमाणात कालवलेल्या भुकटीतून द्यायचे झाल्यास साधारण १८ किलो भुकटी, म्हणजे ४०० ग्रॅमचे सुमारे ४५ डबे लागतील. डब्याची किंमत ४०० रुपये धरली तर हा खर्च १८ हजार रुपये होतो. दुसऱ्या बाजूला, स्तनदा मातेला या काळात रोज सुमारे ६०० उष्मांक अधिक मिळावेत, अशी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची शिफारस आहे. केवळ उष्मांकांचाच विचार केला तर हे रोजचे पावणेदोनशे ग्रॅम ज्वारीचे पीठ झाले. ज्वारी किलोला ४० रुपये धरली तर सहा महिन्यांचा खर्च तेराशे रुपयांच्याही आत राहतो. डाळ, भाजी, गूळ व शेंगदाणे यांची त्यात भर घातली तरी तो डब्यांच्या खर्चाच्या जवळपासही जात नाही. इथवरचा हिशेब सर्वांना ठाऊक आहे आणि प्रत्येक भाषणात तो मांडलाही जातो.

तथापि या हिशेबात एक रकाना कोराच राहतो. मुलाला सहा महिने केवळ अंगावर पाजायचे, तर आईला त्याच्याजवळ राहिले पाहिजे. निंदण आणि वेचणी मिळून त्या काळात शंभर दिवसांचे काम तिला मिळू शकते, असे समजू. आणि दिवसाची मजुरी ३०० रुपये धरू. म्हणजे घरी राहण्याची किंमत ३० हजार रुपये झाली. हा आकडा १८ हजारांशेजारी मांडला, की गरीब घरातील निर्णय अडाणीपणाचा नसून काटेकोर असतो, हे उघड होते. ज्या घरात उचल फेडायची आहे, किराणा उधारीवर आहे, तेथे ३० हजार सोडून १८ हजार वाचविणे कोणालाही परवडणारे नाही. शिवाय व्यवहारात १८ हजारही खर्च होत नाहीत. डबा अधिक दिवस पुरावा म्हणून भुकटीत पाणी वाढते. नाही तर डब्याऐवजी पाणी घातलेले दूध येते. बाटली उकळायला सरपण आणि वेळ या दोन्ही गोष्टी हव्यात. घरी असलेल्या आठ वर्षांच्या बहिणीकडून ते होत नाही. हिशेबात जी बचत दिसते, ती अशा रीतीने मुलाच्या पोटातून काढलेली असते आणि हगवणीच्या व कुपोषणाच्या रूपाने तीच पुढे फेडावी लागते.

कुटुंबाचा हिशेब असा असेल, तर देशाचा हिशेब त्याहून विपरीत आहे. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकाम करणारणीशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने घटते, ही विसंगती ए. सी. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालच्या आपल्या ग्रंथात दाखविली होती. दुधाच्या बाबतीत तीच विसंगती अधिक क्रूर होते. आईने तयार केलेल्या १३५ लिटर दुधाची राष्ट्रीय उत्पन्नात नोंद होत नाही. डबा विकला गेला तर होते. बाटली विकली गेली तर होते. मूल आजारी पडून खाजगी दवाखान्यात गेले तर त्या औषधपाण्याचीही होते. स्तन्य आटले आणि विक्री वाढली, याला आकडेवारीच्या भाषेत प्रगती म्हणतात. मेरिलिन वॉरिंग यांनी १९८८ साली आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियातील ज्युली स्मिथ यांनी या उणिवेकडे सातत्याने लक्ष वेधले. जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही. म्हणून ही उणीव केवळ पुस्तकी नव्हे.

ती तरतूद कोणासाठी झाली आणि कोणासाठी नाही, हे पाहिले की चित्र पूर्ण होते. प्रसूती लाभाचा कायदा १९६१ सालचा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली आणि पुढे ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाली. सव्वीस आठवडे म्हणजेच सहा महिने. मुलाला केवळ आईचे दूध मिळावे असा जो काळ वैद्यकाने सांगितला, तोच कायद्याने मान्य केला. परंतु ही रजा कार्यालयातील, कारखान्यातील आणि महाविद्यालयातील स्त्रीला मिळते. कापूस वेचणारीला मालक एक नसतो, हजेरीपट नसतो आणि म्हणून रजाही नसते. तिच्यासाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६ हजार रुपयांचा प्रसूती लाभ हा हक्क म्हणून मान्य केला. प्रत्यक्षात २०१७ साली आलेल्या मातृवंदना योजनेत ५ हजार रुपये ठरले, तेही पहिल्या अपत्यापुरते. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६ हजार देण्याची सोय झाली. वर गृहीत धरलेल्या मजुरीने ५ हजार रुपये म्हणजे सतरा दिवसांची भरपाई. एका मातेला सहा महिने पगारी रजा आणि दुसरीला सतरा दिवस! दोघींच्या मुलांची भूक मात्र सारखीच असते.

यावर कोणी असे म्हणेल, की पूर्वीच्या मजूर स्त्रियाही शेतात जातच होत्या. तेव्हा बाटली नव्हती. हे खरे आहे. मूल झोळीत घालून बांधावरच्या झाडाला टांगले जाई आणि आई मधून मधून त्याला पाजून येई. पण त्या काळाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. पहिला चीक काढून टाकणे, दोन-तीन दिवस मुलाला मध किंवा गुळाचे पाणी चाटविणे, बोंडल्याने वरचे दूध पाजणे हे प्रकार त्याच परंपरेतले; आणि बांधावरच्या झोळीतील मुले ऊन, थंडी व विंचूकाट्यांनी दगावतही होती. आजची आई मुलाला घरी ठेवते ती काही अंशी शहाणपणानेच. तिला जुन्या झोळीकडे परत जायला सांगणे हा उपाय नव्हे.

त्याचप्रमाणे सर्व दोष शेताच्या माथी मारूनही भागणार नाही. बाळंतपण आता बहुतांशी रुग्णालयांत होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेऱ्यांच्या दरम्यान देशातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण ७८.९ टक्क्यांवरून ८८.६ टक्क्यांवर गेले. जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्या मुलांचे प्रमाण मात्र ४१.६ वरून जेमतेम ४१.८ टक्के झाले. याचा अर्थ स्पष्ट आहे. डॉक्टर व परिचारिका उपस्थित असूनही पहिला तास वाया जातो. शस्त्रक्रियेने बाळंत झालेल्या आईला टेकून बसवायला आणि मूल छातीशी धरून द्यायला मोकळा हात मिळत नाही. समाधानाची बाब एवढीच, की सहा महिन्यांखालील मुलांत केवळ आईच्या दुधावर असणाऱ्यांचे प्रमाण याच काळात ५४.९ वरून ६३.७ टक्क्यांवर गेले. अनुकूल परिस्थिती लाभली तर माता मागे राहत नाहीत, हे त्यातून सिद्ध होते.

रायगडच्या हिरकणीची कथा महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक असते. गडावर दूध विकायला गेलेली ती गवळण सूर्यास्तानंतर दरवाजे बंद झाले म्हणून घरी परतू शकली नाही आणि तान्ह्या बाळासाठी काळोखात कडा उतरून गेली. तिच्या नावाचा बुरूज उभा राहिला, आज एस.टी. स्थानकांवरील स्तनपानाच्या कक्षांनाही तिचेच नाव आहे. परंतु हिरकणी ही पोटासाठी घराबाहेर पडलेली कष्टकरी स्त्री होती आणि तिला कडा उतरावा लागला तो कामाच्या जागेचे दार बंद झाले म्हणून, हा कथेचा अर्धा भाग आपण सोयीस्करपणे विसरलो. धाडसाचे कौतुक करणे सोपे असते; दार वेळेवर उघडे ठेवणे खर्चाचे असते.

ते दार उघडण्याचे मार्ग अज्ञात नाहीत. पहिला मार्ग मजुरीच्या भरपाईचा. तामिळनाडूने डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेत गरीब मातांना द्यावयाचे साहाय्य २०१८ साली १८ हजार रुपयांपर्यंत नेले. महाराष्ट्र तामिळनाडूहून गरीब नाही. दुसरा मार्ग पाळणाघराचा. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीसहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर बंधनकारक केले होते; २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामावर पाच मुले आली, की त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला तीच मजुरी देऊन नेमण्याची तरतूद केली होती. शेत हा कारखाना नाही, म्हणून तेथे काहीच करता येत नाही, असे नव्हे. वेचणीच्या तीन महिन्यांपुरते गावातील एखाद्या घरात किंवा शिवारालगतच्या शाळेत पाळणाघर चालवायचे आणि आईला दिवसातून दोन-तीनदा तेथे येता येईल अशी व्यवस्था करायची, एवढीच ही गोष्ट आहे. घाटंजीसारख्या बाजारात कापसाच्या प्रत्येक क्विंटलमागे जे शुल्क जमा होते, त्यातील अल्पसा अंश या पाळणाघरांसाठी का राखून ठेवू नये? तो कापूस ज्यांच्या हातांनी वेचला, त्यांच्या मुलांचा त्यावर काहीच हक्क नाही काय?

तिसरा मार्ग गडचिरोलीने दाखविला आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने गावातीलच स्त्रियांना शिकवून नवजात अर्भकांची काळजी घरोघरी पोहोचविली आणि त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली जगापुढे ठेवले. त्याच धर्तीवर आता आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत वारंवार जाते. पुढच्या भेटी मात्र काही महिन्यांच्या अंतराने होतात. बाटली घरात येते ती नेमकी या मोठ्या अंतरांमध्ये, आई पुन्हा कामावर रुजू होते तेव्हा. त्या दिवसांत एक भेट वाढविणे, पिळून काढलेले आईचे दूध स्वच्छ भांड्यात झाकून ठेवून वाटी-चमच्याने कसे पाजावे हे घरातील आजीला शिकविणे आणि त्या भेटीचा मोबदला आशेला देणे, यात अवघड असे काही नाही.

अर्थात काही मातांना खरोखरीच पाजता येत नाही. कोणी गंभीर आजारी असते, कोणी मूल दत्तक घेतलेले असते, एखाद्या अभाग्याची आई बाळंतपणातच गेलेली असते. त्या मुलांना वरचे दूध द्यावेच लागते आणि ते देणाऱ्यांना अपराधी वाटू देण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रश्न त्यांचा नाही. ज्यांना दूध आहे, पाजण्याची इच्छा आहे आणि तरीही वेळ नाही म्हणून ज्यांचा पान्हा आटतो, त्यांचा आहे.

आपण आईच्या दुधाला अमृत म्हणतो आणि अमृताला मोल नसते, असे म्हणून मोकळे होतो. हे मोल आजवर त्या स्त्रीने बुडालेल्या मजुरीच्या रूपाने भरले आहे. जेथे तिला ते भरता आले नाही, तेथे तिच्या मुलाने भरले आहे. येत्या हंगामात घाटंजीच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागतील, भावावरून वादावादी होईल, क्विंटलांचे आकडे वर्तमानपत्रांत छापून येतील. त्या हिशेबात या १३५ लिटरांसाठीही एक रकाना उघडला गेला, तर पुढल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बाळंतिणींना उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला काही अंशी तरी प्राप्त होईल.